विलायतेचा खर्च कोण देणार?

दिघीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर राजपुरीची खाडी, खाडीच्या तोंडाशी पाण्यात ठाण मांडून बसलेला जंजिरा आणि पलीकडे मुरूडची बाजू एका नजरेत येते. आज आगरदांड्याहून फेरीबोट मोटारी घेऊन इकडे येते, आणि दिघीचं बंदर मोठमोठी मालवाहू जहाजं घेतं. सव्वाशे वर्षांपूर्वी मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा सगळा मुलूख सिद्दी नवाबाचा होता. मुंबई गाठायची तर आगबोट, तीही पावसाळा लागला की बंद. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत होईपर्यंत माणसं आपापल्या गावात अडकून पडत. जिथून मुंबईच दूर होती, तिथून लंडन आणि न्यूयॉर्कची गोष्ट काढणं विचित्र वाटेल. पण परदेशी शिकायला जाणाऱ्यांचा खर्च कोणी आणि कोणत्या अटीवर दिला, हा इतिहास शोधताना मला पुन्हा पुन्हा याच किनाऱ्याकडे यावं लागलं.

जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली ही मुंबईच्या फैजी घराण्यातली, तय्यबजी कुटुंबाच्या नात्यातली. तिची धाकटी बहीण अतिया. तिचा जन्म १८७७ साली इस्तंबूलमध्ये झाला, कारण वडील व्यापारानिमित्त तिथे होते. बहिणीच्या सासरी, म्हणजे मुरूडला, तिचं येणंजाणं असे. १९०६ च्या सप्टेंबरात ही अतिया सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला निघाली. शिकायचं होतं मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात, आणि शिकून व्हायचं होतं शिक्षिका. मुसलमान घरातली अविवाहित बाई, पडदा न पाळणारी, सरकारच्या पैशावर समुद्र ओलांडून जाते, हे त्या काळात साधं नव्हतं. तिने रोजच्या हकिगती बहिणींना लिहून पाठवल्या. लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या बायकांच्या उर्दू पत्रिकेत त्या छापून आल्या, आणि १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने त्यांचं पुस्तक निघालं. लंडनमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशनच्या मिस बेक हिंदी विद्यार्थ्यांची आईच्या मायेने विचारपूस करीत. त्यांच्याच घरी १ एप्रिल १९०७ ला अतियाची कवी इक्बालांशी ओळख झाली.

अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाही. तब्येतीने साथ दिली नाही आणि वर्षभरातच ती परत आली. सरकारी हिशेबात ही शिष्यवृत्ती वाया गेली असंच कोणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. जी डायरी तिने मागे ठेवली तिच्यात लंडनची थंडी, जेवणाची टेबलं, कॉलेजातले तास आणि भेटलेली माणसं आहेत. घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नसलेल्या हजारो वाचक बायकांना तिने विलायत दाखवली. ज्या कामासाठी पैसे मिळाले ते झालं नाही, त्याहून मोठं काम झालं. शिष्यवृत्त्यांच्या इतिहासात हे वारंवार घडलेलं दिसतं. देणारा एक करार लिहून घेतो आणि घेणाऱ्याच्या हातून भलतंच काही उभं राहतं.

अट नसलेला पैसा त्या काळात क्वचितच मिळे. एकट्या १९०६ चाच विचार करा. अतिया निघण्याच्या तीन महिने आधी, ९ जूनला, विनायक दामोदर सावरकर मुंबईहून लंडनला निघाले होते. त्यांच्यामागे पंडित श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्त्यांची योजना होती आणि लोकमान्य टिळकांची शिफारस. पॅरिसचे जवाहिरे सरदारसिंह राणा यांनी राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांच्या नावांनी प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. त्यांतली शिवाजी शिष्यवृत्ती सावरकरांना मिळाली. तेवढ्यात भागणार नव्हतं, म्हणून उरलेला भार सासऱ्यांनी, जव्हार संस्थानचे दिवाण चिपळूणकर यांनी, उचलला. या शिष्यवृत्तीची मुख्य अट अशी, की शिकून आल्यावर इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही. सावरकरांनी ही अट अशी पाळली, की १९०९ मध्ये बॅरिस्टरीच्या परीक्षा होऊनही ग्रेज इनने त्यांना सनद नाकारली.

आणखी दहा वर्षं मागे गेलं तर याच किनाऱ्यावर दक्षिणेला, दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे भेटतात. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते १८९६ मध्ये केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले. त्यांना हवी ती मोठी सरकारी नोकरी मिळाली असती. पण निघण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. परत येऊन ते सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात दरमहा ७५ रुपयांवर रुजू झाले. इथे पैसा सरकारचा आणि शब्द सोसायटीला, आणि कागदावरच्या करारापेक्षा हा तोंडी शब्द जड ठरला. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

सरकारं, संस्था आणि क्रांतिकारक यांच्याखेरीज एक व्यापारीही या गोष्टीत आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्यातून मिळणारी रक्कम देणगी म्हणून मिळत नसे, ते कर्ज असे. विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर ते फेडायचं आणि त्या पैशावर पुढच्याने जायचं. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत दोन बायका होत्या, डॉक्टरी शिकायला निघालेल्या: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. या कृष्णाबाई पुढे कोल्हापुरात नावाजल्या. त्याच कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांच्या आधी नेमणूक झाली होती आनंदीबाई जोशींची. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा ना निधी होता, ना संस्थान. अंगावरचे दागिने विकले, वर्गणी जमली, फिलाडेल्फियाच्या कॉलेजने मदत केली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

आता बडोद्याकडे वळतो, कारण या सगळ्या करारांत ज्याची हकिगत मला सर्वांत अस्वस्थ करते तो करार तिथे झाला.

सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिका पाहून आले होते. त्याच वर्षी त्यांनी आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. इंग्लंडऐवजी अमेरिकेकडे मुलं पाठवावीत हा विचार तेव्हाच्या संस्थानिकांत नवा होता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांची शिफारस कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी महाराजांकडे केली होती, आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले होते. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. पुढच्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत गेले, तेवढ्यात वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी सुभेदार गेले. त्यानंतर महाराजांची मुंबईत भेट झाली आणि कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी पाठवण्याच्या योजनेत भीमरावांचं नाव आलं.

४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. ठरवून दिलेला विषय शिकायचा आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदे सरकारची नोकरी करायची. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे महिन्याला १७२ रुपये ८ आणे. छत्तीस महिन्यांचे मिळून ४१४ पौंड, सहा हजार दोनशे रुपयांच्या आसपास. न्यूयॉर्कसारख्या शहरात ही रक्कम छप्पन डॉलर भरे. त्यातूनच राहणं, जेवण, पुस्तकं, आणि त्यातूनच मुंबईला पत्नी रमाबाईंकडे पाठवायचे पैसे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. वसतिगृहाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना एक पारशी सोबती भेटला, नवल भथेना. ही ओळख सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीइतकीच मोलाची ठरली, ते पुढे येईलच. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार: हा झपाटा नुसत्या हुशारीने येत नाही. तीन वर्षांनी पैसे थांबणार, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तोच असा वाचतो. १९१५ मध्ये एम. ए., ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या वर्गात जातिसंस्थेवरचा निबंध, आणि जूनमध्ये प्रबंध हातात. शिष्यवृत्तीची मुदत संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

तिथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं आणि ग्रेज इनमध्येही. हो, तेच ग्रेज इन. पण बडोद्याहून परतण्याचा निरोप आला. लंडन विद्यापीठाने, प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने, चार वर्षांच्या आत येऊन प्रबंध पुरा करण्याची मुभा दिली. निघताना सामान, त्यात बरीचशी पुस्तकं, वेगळ्या जहाजाने पाठवलं होतं. ते ‘सॉलसेट’ जहाज २० जुलै १९१७ ला जर्मन पाणबुडीने बुडवलं. थॉमस कुकने भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले, आणि त्याच पैशांतून करार पाळायला बडोद्याला जाण्याची तजवीज झाली. छप्पन डॉलरांतून पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पुस्तकांच्या पैशाचं शेवटी बडोद्याचं भाडं झालं, हे लिहितानाही जीव कळवळतो.

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. स्टेशनवर घ्यायला कोणी नाही, शहरात राहायला जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव घेऊन खोली मिळवली. वरच्या मजल्यावर अडगळ, कंदिलाचा मिणमिणता उजेड, बोलायला माणूस नाही. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात आला, आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायची ताकीद मिळाली. त्यांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. उरलेला वेळ कामाठी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

दहा वर्षांच्या नोकरीचा करार अकरा दिवसांत संपला. सयाजीरावांची नियत साफ होती यात मला शंका नाही. त्यांच्यासारखा राजा त्या काळात दुसरा दाखवता येणार नाही. पण राजाने पैसे दिले तरी राजाच्या शहराने खोली दिली नाही. विद्यार्थ्याने अमुक करावं, तमुक करू नये, हे सगळं करारात होतं. आपल्याकडे त्या माणसाला राहता येईल याची हमी देणाऱ्याने द्यावी, असं एकही कलम त्यात नव्हतं. पुढे बडोदे सरकारच्या खात्याने शिष्यवृत्तीचा खर्च वसुलीसाठी मागितला आणि तो पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला. ज्याला शहरातून हाकलून दिलं त्याच्याकडे नोकरी केली नाही म्हणून पैसे मागायचे, हे त्या खात्याला कसं सुचलं असेल, मला कळत नाही.

लंडनच्या चार वर्षांची मुदत मात्र मागे लागलेली होती. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. कोलंबियात महिन्याला मिळत होते त्याच्या अडीचपटीहून जास्त पैसे हातात येत होते, पण ते राहणीवर खर्च न होता साठत गेले. परळच्या चाळीतलं बिऱ्हाड होतं तसंच राहिलं आणि रमाबाई काटकसरीने संसार ओढत राहिल्या. कोणत्याही शिष्यवृत्तीच्या यादीत रमाबाईंचं नाव येत नाही. ते यायला हवं. १९२० मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले आणि लंडनच्या शिक्षणासाठीही हात पुढे केला. तरीही पैसे कमी पडत होते. तेव्हा नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले.

या पाच हजारांपाशी मी थोडा थांबतो. सरकार, संस्थान, निधी, शिष्यवृत्ती यांपैकी इथे काहीच नाही. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात एकत्र राहिलेल्या मित्राचे हे पैसे. दहा वर्षं माझ्याकडे राबशील, अमुक नोकरी धरणार नाहीस, अशी अट घालण्याचं त्याला कारणच नव्हतं. लंडनमध्ये पैसे संपत आले की आंबेडकर भथेनांनाच लिहीत. १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू करायची तर सनदेच्या शुल्काला पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. बडोद्यात काठ्या घेऊन आले तेही पारशी होते आणि हाही पारशीच. हे ज्यांच्या आयुष्यात घडलं त्यांनी माणसांना जातीवरून मोजायचं नाकारलं, यात आश्चर्य ते काय.

जुलै १९२० ते एप्रिल १९२३ हा लंडनचा दुसरा मुक्काम. किंग हेन्रीज रोडवरच्या खानावळीत मिळेल ते थोडंफार खायचं आणि उरलेला दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारायला सांगितला. तो लंडनलाच बसून सुधारायला पैसे नव्हते, म्हणून मुंबईला येऊन सुधारला आणि इथून पाठवला. १९२३ संपण्यापूर्वी पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच. डी.ची गोष्ट याहून लांबली. तिथला नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या. १९१६ मध्ये तयार झालेला प्रबंध छापून निघाला १९२५ मध्ये, आणि पदवी हातात आली जून १९२७ मध्ये. छापलेल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर नाव आहे सयाजीराव गायकवाडांचं. बडोद्यात जे सोसलं ते महाराजांच्या खात्यावर मांडलं नाही. शिक्षणाला दिलेल्या मदतीबद्दलची कृतज्ञता मात्र मोकळ्या मनाने मांडली.

आजही या किनाऱ्यावरच्या घरांत बारावीनंतर, पदवीनंतर हाच प्रश्न येतो: पैसे कुठून? मुलगी कॅनडाला किंवा अमेरिकेला प्रवेश मिळवते, पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी वडील सातबारा शोधायला बसतात. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. बाग, घर, कधी आईचे दागिने. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची परदेशी शिक्षणाची जी शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, ते योग्यच आहे. तिच्या जागा मोजक्या आहेत आणि अर्जदार भरपूर. अधिकाऱ्याच्या टेबलावर अशा अर्जांची फाइल येते तेव्हा त्याने १९१३ चा तो करार एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. महिन्याला साडेअकरा पौंड, म्हणजे फार मोठी रक्कम नव्हती ती. वेळेवर मिळाली, सलग तीन वर्षं मिळाली, आणि मोठं काम झालं ते एवढ्यावरच.

आता १९२७ साल. त्या वर्षी मार्चच्या १९ आणि २० तारखांना कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला परिषद भरली आणि बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. जूनमध्ये कोलंबियाची डॉक्टरेट झाली. बडोद्याची नोकरी ठरल्याप्रमाणे झाली असती तर करारातली दहा वर्षं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भरली असती, आणि हा माणूस तोवर संस्थानच्या दप्तरात कागद पाहत बसला असता.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा महाडला जायचं ठरलं. धरमतरवरून मोटारीचा रस्ता जवळचा, पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला होता. तेव्हा २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोट निघाली, बाबासाहेबांसह दोनशेच्या आसपास प्रतिनिधींना घेऊन. मुंबईहून बाणकोटच्या खाडीकडे जाणाऱ्या बोटीला अलिबाग, मुरूड, जंजिरा, दिघी आणि श्रीवर्धन डावीकडे ठेवूनच जावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सावित्रीतून दासगावच्या बंदराला लागली. धक्क्यावर हजारो सत्याग्रही सकाळपासून वाट पाहत होते. दासगाव ते महाड पाच मैल, ते सगळे घोषणा देत पायी निघाले. महाडात मांडवाला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली होती. त्याच रात्री त्या मांडवापुढे मनुस्मृती जाळली गेली.